वजन उतरवायचं, पण उपाशी ठेवून नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात ६ वर्षांचा लॅब्राडोर आहे, वजन ३८ किलो. सोबत ७ वर्षांची मांजर, वजन ६.२ किलो. दोघांचीही नसबंदी झालेली आहे. डॉक्टरांनी दोघांचं वजन कमी करायला सांगितलं, म्हणून तुम्ही त्यांचं खाणं एकदम निम्मं केलं, आणि मांजरीसाठी नेहमीचं खाणं बंद करून वजन कमी करायचं खास खाणं आणलं. आता कुत्रा दिवसभर मागे मागे फिरतोय आणि मांजरीनं दोन दिवस भांड्याला तोंड लावलेलं नाही. "भूक लागली की खाईल ना?" असं तुम्ही विचारलंय.

नाही. मांजरीच्या बाबतीत याची वाट बघायची नसते. बाकीचं सगळं नंतर वाचा, आधी तिचं जुनं खाणं, जे तिला आवडतं ते, किंचित कोमट करून तिच्यापुढे ठेवा. काही तासांत नीट खाल्लं नाही तर आजच्या आज डॉक्टरांकडे न्या. खाल्लं तरी दोन दिवस उपास झाला होता हे त्यांना फोन करून सांगा. सिरिंजनं जबरदस्तीनं भरवू नका. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि त्या खाण्याचीच तिला शिसारी बसते.

एवढी घाई का, ते सांगते. मांजर खायची थांबली की तिच्या अंगावरची चरबी रक्तावाटे यकृताकडे धाव घेते. मांजरीच्या यकृताला ती चरबी तेवढ्या वेगानं हाताळता येत नाही. पेशींमध्ये चरबी साठत जाते, यकृत मंदावतं, त्यामुळे मळमळ सुरू होते, आणि मळमळीमुळे मांजर आणखीनच खात नाही. दोन-तीन दिवसांच्या उपासानंतरही हे चक्र सुरू होऊ शकतं, आणि जितकी मांजर लठ्ठ तितका धोका जास्त. "तिच्या अंगावर भरपूर साठा आहे, काही होणार नाही" हा समज इथे अगदी उलटा पडतो.

माझ्याकडे असाच एक बोका आला होता. घरचे बाहेरगावी गेले होते. सांभाळणाऱ्या माणसानं रोज भांडं भरून ठेवलं होतं, पण ते तसंच राहत होतं हे त्याच्या लक्षात आलं नाही. मी त्याचा कान उलटून खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा आतली कातडी पिवळी दिसली. त्या बोक्याला मानेतून अन्ननलिकेत नळी घालून कित्येक आठवडे पातळ खाणं द्यावं लागलं. तो वाचला, पण सगळे वाचत नाहीत. त्या दिवसापासून मी मांजरवाल्यांना एकच गोष्ट आधी सांगते: तिला कमी खाऊ घालणं वेगळं आणि तिनं खाणं सोडणं वेगळं.

आता खाणं निम्मं करण्याबद्दल. तुमचा हेतू चांगला होता, आणि बहुतेक लोक हेच करतात. अडचण अशी की नेहमीच्या तयार खाण्यात प्रथिनं, जीवनसत्त्वं, खनिजं यांचं प्रमाण पूर्ण वाट्याच्या हिशेबानं बसवलेलं असतं. वाटा निम्मा केला की कॅलरींसोबत प्रथिनंही निम्मी होतात. मग चरबीच्या जोडीला स्नायूही झिजतात, आणि शरीराची ऊर्जा खर्च करणारा मोठा भाग स्नायूंचाच असतो. म्हणजे काट्यावर आकडा उतरतो, पण जनावर अशक्त होतं आणि पुढे वजन कमी होणं आणखी अवघड जातं. वजन कमी करण्याच्या खास खाण्यात कॅलरीमागे प्रथिनं आणि तंतू जास्त असतात ते यासाठीच. थोडंसंच वजन कमी करायचं असेल तर सध्याचंच खाणं किंचित कमी करून भागतं. तुमच्या दोघांना मात्र चौथ्या हिश्शाच्या आसपास वजन उतरवायचंय, तेव्हा डॉक्टरांनी सुचवलेलं खास खाणं योग्यच आहे. फक्त ते सावकाश आणायला हवं होतं.

दुसरं असं की निम्मं म्हणजे कशाच्या निम्मं, हे तुम्हाला तरी नक्की ठाऊक आहे का? आधी दिवसाला किती ग्रॅम जात होतं? हा प्रश्न मी विचारते तेव्हा बहुतेक वेळा "दोन कप" असं उत्तर येतं. एकदा मी एका घरातल्या तिघांना तोच कप आणि तीच पिशवी देऊन, रोज भरता तसा भरून दाखवा म्हटलं. वडिलांचा कप ८५ ग्रॅमचा निघाला, मुलीचा ९८ आणि आईचा शीग लावलेला ११६. तिघंही मनापासून "एक कप" म्हणत होते. लहान कुत्र्याच्या किंवा मांजरीच्या बाबतीत एवढ्या फरकानं सगळी मेहनत वाया जाते. म्हणून स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा ही या कामातली पहिली वस्तू. खास खाण्याच्या पिशवीपेक्षाही आधी तो आणा.

त्याआधी डॉक्टरांकडून एक तपासणी मात्र झालेली असावी. कुत्र्यांमध्ये थायरॉइड मंद असेल तर खाणं कमी करूनही वजन हलत नाही. कुशिंग्ज नावाच्या आजारात पोट सुटतं, तहान आणि भूक वाढते, आणि लोकांना तो लठ्ठपणाच वाटतो. पोटात पाणी झालं तरी जनावर बाहेरून "जाड" दिसतं. आणि मांजरीला मधुमेह असून इन्सुलिन चालू असेल तर खाण्यात स्वतःहून काहीही बदलू नका. वजन आणि खाणं बदललं की इन्सुलिनची गरज घटते, आणि जुनाच डोस चालू राहिला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. वाढत्या वयाची पिल्लं, गाभण किंवा पाजणारी मादी यांचंही वजन डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय उतरवू नये.

किती उतरवायचं ते कसं ठरवायचं? जातीच्या तक्त्यावर फार विसंबू नका, हातावर विसंबा. आपली मूठ घट्ट वळा आणि बोटांच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. फासळ्या अशा टोचत असतील तर जनावर हडकुळं आहे. आता हात सरळ पसरून पालथा ठेवा आणि मागच्या बाजूनं बोटांच्या हाडांवरून हात फिरवा. हाडं लागतात, पण वर पातळ आवरण आहे. फासळ्या अशा लागायला हव्यात. मग हात उताणा करून तळव्याच्या बाजूनं तीच हाडं चाचपा. दाबल्याशिवाय लागत नाहीत ना? फासळ्या तशा लागत असतील तर चरबी जास्त आहे. सोबत वरून बघून कंबर दिसते का आणि बाजूनं बघून पोटाची रेघ मागे वर चढते का, तेही पाहा. मांजरीच्या पोटाखाली मागच्या पायांपुढे लोंबणारी सैल कातडी असते, ती बारीक मांजरींनाही असते; रिकाम्या पिशवीसारखी हलत असेल तर चिंता नाही, भरीव लागली तर ती चरबी आहे.

डॉक्टर याला १ ते ९ असे गुण देतात. कुत्र्यात ४ किंवा ५ उत्तम आणि मांजरीत ५. पाचाच्या वरची प्रत्येक पायरी म्हणजे साधारण १० टक्के जादा वजन, असा ढोबळ हिशेब असतो. तुम्ही दिलेली वजनं आणि वर्णन बघता दोघंही ८ च्या आसपास असावीत. म्हणजे कुत्र्याचं लक्ष्य ३० किलोच्या आणि मांजरीचं ४.५ किलोच्या जवळ. हाताखाली घेतल्याशिवाय मी यापेक्षा नेमकं बोलणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला तर तोच धरा.

आता थोडं गणित, आणि ते मोबाइलवर जमतं. लक्ष्य वजन घ्या, त्याला त्यानंच दोनदा गुणा, आलेल्या आकड्यावर वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा आणि उत्तराला ७० नं गुणा. ३० किलोसाठी ३० गुणिले ३० गुणिले ३० म्हणजे २७,०००. वर्गमूळ १६४, पुन्हा वर्गमूळ १२.८, गुणिले ७० म्हणजे जवळपास ९०० कॅलरी. ही निवांत पडून राहिलेल्या शरीराची दिवसाची गरज. वजन उतरवायला कुत्र्याला सुरुवातीला साधारण एवढंच देतात. मांजरीला याच्या ८० टक्के: ४.५ किलोसाठी उत्तर २१६ येतं, म्हणजे दिवसाला सुमारे १७३ कॅलरी. लक्षात ठेवा, गणितात आजचं वजन घालायचं नाही, लक्ष्य वजन घालायचं. आणि हा फक्त सुरुवातीचा आकडा आहे. प्रत्येक शरीराचा खर्च वेगळा असतो, पुढचं काटा सांगेल.

पिशवीवर १०० ग्रॅममागे किती कॅलरी ते लिहिलेलं असतं. समजा कुत्र्याच्या खाण्यात ३३० आहेत. ९०० पैकी ९० कॅलरी खाऊसाठी बाजूला ठेवल्या, उरल्या ८१०. म्हणजे दिवसाचं २४५ ग्रॅम. हा आकडा कागदावर लिहून खाण्याच्या डब्यावर चिकटवा.

यापुढचा भाग माझ्या अनुभवात सगळ्यात अवघड, कारण तो माणसांचा आहे. वजन बहुतेक वेळा भांड्यातून वाढत नाही, हातातून वाढतं. एका घरी मी आठवडाभर जनावराला दिलेलं सगळं लिहून काढायला सांगितलं होतं. भांड्यातलं खाणं अगदी बेताचं होतं. पण सकाळी आजोबांच्या चहासोबत दोन बिस्किटं, मुलांच्या ताटाखालचे तुकडे, औषधाची गोळी लपवायला चीज, शिवाय फिरायला नेणाऱ्याच्या खिशातला खाऊ. प्रत्येक जण म्हणत होता, "मी तर अगदी थोडंसंच देतो." आणि ते खरंच होतं. फक्त थोडंसं देणारे पाच जण होते.

आकड्यांत बघा. दोन साध्या बिस्किटांच्या सुमारे ५० कॅलरी होतात, म्हणजे तुमच्या लॅब्राडोरचा दिवसभराचा खाऊचा वाटा निम्म्याहून जास्त तिथेच संपला. चीजचा २० ग्रॅमचा तुकडा जवळपास ८० कॅलरींचा असतो. मांजरीच्या १७३ मधून तो वजा करून पाहा, दिवसाचं जवळजवळ अर्धं खाणं एका घासात गेलं.

म्हणून मी घरोघरी बरणीची पद्धत सुचवते. सकाळी कुत्र्याचं दिवसभराचं खाणं मोजून एका बरणीत काढायचं. दिवसभरात ज्याला लाड करायचे असतील त्यानं त्या बरणीतूनच द्यायचं. रात्री बरणी रिकामी झाली की दिवस संपला. आजोबांच्या हातून खाऊ काढून घेऊ नका, त्यांच्या हातात बरणी द्या. खाऊ घालणं हा त्यांचा त्या जनावराशी बोलायचा मार्ग असतो. तो बंद केला तर ते लपून देतील, आणि लपून दिलेलं कुणी मोजत नाही. त्यापलीकडे कुत्र्याला काकडी, गाजर, उकडलेली फरसबी असे तुकडे चालतात, मीठ-तेल-मसाला न लावता. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली कुठलीही शुगरफ्री वस्तू मात्र कुत्र्याच्या तोंडी कधीच जाऊ देऊ नका, ती विषारी आहेत.

तुमचा लॅब्राडोर मागे मागे फिरतो म्हणून तुम्हाला अपराधी वाटतंय, ते तुमच्या लिहिण्यात जाणवतं. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकातला एक बदल दाखवून दिला. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारी साखळी त्यामुळे नीट चालत नाही, आणि त्यांनी तपासलेल्या लॅब्राडोरपैकी जवळपास चौथ्या हिश्शात तो आढळला. तुमच्या कुत्र्यात तो आहे की नाही मी सांगू शकत नाही, पण या जातीची भूक कुणाच्या लाडामुळेच तयार होते असं नाही. त्याचं मागणं हा हावरटपणा नव्हे, आणि तुम्ही त्याला उपाशी मारताय याचा पुरावाही नव्हे. तेच २४५ ग्रॅम तीन-चार वेळांत वाटून द्या. भांड्याऐवजी खाऊ काढायला डोकं लावावं लागेल अशा खेळण्यात घाला, किंवा अंगणात पसरून हुंगत शोधायला लावा. दोन मिनिटांत संपणारं जेवण वीस मिनिटं चालतं. तो मागायला आला की कधीकधी त्याला भूक नसते, कंटाळा असतो. ब्रश घेऊन बसा, पाच मिनिटं खेळा आणि मग बघा. मात्र मागितल्यावर लगेच भांड्याकडे जाऊ नका. एकदा दिलं तरी मागणं पुढे आठवडाभर पक्कं होतं.

मांजरीचं नवीन खाणं ती पुन्हा नीट जेवायला लागल्यावर, आणि तेही दोन-तीन आठवड्यांत आणा. जुन्या खाण्यात दहावा भाग नवीन, दोन-तीन दिवसांनी थोडं जास्त, असं. एखाद्या पायरीवर तिनं नाक मुरडलं तर एक पायरी मागे या. ओलं खाणं तिला आवडत असेल तर तो मोठा आधार आहे: कोरड्या खाण्यात १०० ग्रॅममागे साधारण ३५० ते ४०० कॅलरी, ओल्यात ८० ते १००, बाकी बहुतेक पाणीच. भांडं भरलेलं दिसतं, पोटही भरतं. तेही तिला न रुचणारं असेल तर खास खाण्याचा हट्ट सोडा आणि ती खाते तेच, डॉक्टरांशी बोलून, थोडं मोजून कमी करा.

घरात दोन जनावरं असल्यामुळे आणखी एक वाट बंद करावी लागेल. मांजरीचं खाणं चरबी-प्रथिनांनी भरलेलं असतं आणि कुत्र्यांना ते अतिशय आवडतं. एरवी मी ते उंचावर ठेवा म्हणते, पण ६ किलोच्या मांजरीला उडी मारायला लावणं बरं नाही. दोघांना वेगळ्या खोल्यांत जेवू घाला आणि वीस मिनिटांनी भांडी उचला, उरलेलं मोजा. मांजरीला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायची सवय असते, तर तेवढ्या वेळा.

व्यायाम हवा, पण वजन उतरतं ते मुख्यतः खाण्यामुळे. ३८ किलोच्या कुत्र्याला एकदम धावायला लावलं तर गुडघे आणि कंबर दुखावतात. सपाट जमिनीवर, उन्हाच्या आधी किंवा नंतर, दहा मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. तो मागे पडायला लागला किंवा दुसऱ्या दिवशी उठताना कण्हला, तर कमी करा. पोहायची सोय असेल तर सांध्यांना फार बरं पडतं. चेंडूमागे पळून झटक्यात वळणं तूर्त नको. मांजरीला काठीला बांधलेल्या पिसामागे दिवसातून तीन-चारदा दोन-दोन मिनिटं खेळवा. ती दमून आडवी झाली तरी पंजा मारत असेल तर तेही चालेल.

वजन दर १५ दिवसांनी, त्याच काट्यावर, जेवणाआधी करा. कुत्र्याचं आठवड्याला १ ते २ टक्के उतरलं तर उत्तम, तुमच्याकडे ते सुरुवातीला ३८० ते ७६० ग्रॅम होतं. मांजरीचं अर्धा ते एक टक्का, म्हणजे अवघे ३० ते ६० ग्रॅम. हा फरक तिला उचलून घेऊन आपण काट्यावर उभं राहण्याच्या पद्धतीनं कळत नाही. तान्ह्या बाळाचा काटा किंवा दवाखान्यातला काटा लागेल. वेग यापेक्षा जास्त असेल तर खाणं थोडं वाढवा, खूष होऊ नका. महिनाभर काहीच हललं नाही तर आधी बरणीबाहेरचं काय जातंय ते शोधा, आणि खरंच काही जात नसेल तर ५ ते १० टक्के कमी करा. मांजरीसाठी ही कपात डॉक्टरांना विचारूनच.

वेळ लागेल. कुत्र्याला चार ते सहा महिने, मांजरीला आठ महिन्यांपासून वर्षभर किंवा त्याहूनही जास्त. मध्ये आकडा थबकतो तेव्हा लोक सोडून देतात, म्हणून सांगते: शेवटच्या आकड्यापर्यंत पोचण्याआधीच फरक पडायला लागतो. सांधे झिजलेल्या लठ्ठ कुत्र्यांचं लंगडणं शरीराच्या वजनापैकी ६ टक्क्यांच्या आसपास उतरल्यावरच कमी झालेलं मोजलं गेलंय. तुमच्या कुत्र्यासाठी ते सव्वादोन किलो. मांजरीत खूण वेगळी: शेपटीच्या मुळाशी तिची जीभ पोचत नव्हती, तिथला गुंता एक दिवस तिनं स्वतः साफ केलेला दिसतो. आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात ४८ लॅब्राडोर पिल्लापासून अखेरपर्यंत पाहिले गेले. एकाच विणीतल्या जोड्या केल्या होत्या, त्यातल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं भरलं, दुसऱ्यांचं ११.२.

लक्ष्य गाठल्यावर जुन्या वाट्यावर परत जाऊ नका. नसबंदीनंतर गरज मुळातच कमी झालेली असते आणि उतरलेल्या शरीराला आणखी कमी लागतं. दर १५ दिवसांनी ५ ते १० टक्के वाढवत, वजन जिथे स्थिर राहील तिथे थांबा. काटा तेव्हाही ओट्यावरच असू द्या.

हे सगळं उद्यापासून. आज मांजरीच्या भांड्यातलं खाणं ठेवण्याआधी मोजा, रात्री उरलेलं मोजा, आणि तिनं किती ग्रॅम खाल्लं तो आकडा डॉक्टरांना सांगा. "थोडंसं खाल्लं" यावरून त्यांना काहीच ठरवता येणार नाही.